सत्तर किलोमीटरमध्ये अकरा गाड्या

शनिवारी संध्याकाळी वाईला फोन केला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज किती गाड्या भेटल्या गं?" मी सायकलवरून गाड्या मोजतच जाते, त्यामुळे उत्तर तयार असतं. एका शनिवारचा आकडा अकरा. सत्तर किलोमीटरमध्ये अकरा, आणि त्यातही तीन ट्रॅक्टर नि एक पोस्टाची पिवळी गाडी. आईला आधी याचं कौतुक वाटायचं, आता काळजी वाटते. "अगं, पडलीस-बिडलीस तर उचलायला तरी कोण येणार?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून मी हवापाण्याचा विषय काढते.

मी राहते क्लेरमाँ-फेराँला, फ्रान्सच्या ऐन मध्यावर. भोवती ओव्हेर्न्यचा डोंगराळ मुलूख: पश्चिमेला विझलेल्या ज्वालामुखींची रांग, पूर्वेला लिव्रादुआ आणि फोरेचे जंगलाने भरलेले डोंगर, दक्षिणेला कांताल. मिशलँ कंपनी याच गावची. १८८९ साली सुरू झाली आणि नाव झालं ते १८९१च्या सायकलच्या टायरमुळे, जो रिमपासून सुटा करून पंक्चर काढता यायचं. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही लांबलचक शर्यत शार्ल तेराँने हेच टायर घालून जिंकली. टायर विकायचे तर लोकांनी हिंडलं पाहिजे, म्हणून पुढे कंपनीने नकाशेही काढले. मला टायरपेक्षा त्यांचा नकाशाच जास्त उपयोगी पडला.

फोनवरचं ॲप रस्ता दाखवतं, पण रस्त्याचा स्वभाव कागदी नकाशा दाखवतो. लाल रेघ म्हणजे मोठा रस्ता, ट्रक आलेच. पिवळी मधली. आणि पांढरी म्हणजे आपली: गावातून गावाकडे, वाडीवरून वाडीकडे जाणारी, एकच गाडी मावेल इतक्या रुंदीची. रेघेच्या कडेला हिरवी पट्टी असेल तर देखावा चांगला. रेघेवर छोटे बाण असतात, त्यांची टोकं चढाच्या दिशेला. एक बाण पाच ते नऊ टक्के, दोन बाण नऊ ते तेरा, तीन बाण त्याहून वर. पहिल्या वर्षी मी बाण वाचायला शिकले नव्हते. तीन बाणांच्या एका रस्त्यावर सायकल हातात धरून चालत गेले. तेव्हा मात्र कुणी पाहायला नव्हतं याचं बरं वाटलं.

मला सगळ्यात आवडणारा रस्ता आँबेरहून निघतो. आँबेर हे छोटंसं बाजाराचं गाव, निळ्या बुरशीच्या फूर्म चीजसाठी प्रसिद्ध. त्याची नगरपालिका चक्क गोल इमारतीत भरते, पूर्वी तिथे धान्याचा बाजार होता. तिथून वालसिव्हिएर गावावरून सुपेरच्या खिंडीपर्यंत चढायचं. खिंड १३६६ मीटरवर आहे, म्हणजे गावापासून आठशे मीटरहून जास्त चढ. पसरणी घाटात वाढलेल्या माणसाला चढ नवा नाही. नवी वाटते ती शांतता. पसरणीत चढताना मागून एसटीचा हॉर्न, पुढून पर्यटकांच्या गाड्या, मध्ये माकडं. इथे स्वतःचा श्वास ऐकू येतो, चेनची कुरकुर ऐकू येते आणि कुठल्या तरी कुरणातून गाईंच्या गळ्यातल्या घंटा. आधी बीच आणि फरची झाडी, मग एका वळणावर झाडं संपतात आणि उघडा माळ लागतो. ऑगस्टमध्ये त्यावर जांभळी फुलं असतात. मला दर वेळी कास आठवतं, फक्त तिकिटाची रांग नाही.

या माळावर दगडी घरं आहेत, काहींवर अजून गवताची छपरं. त्यांना जास्री म्हणतात. उन्हाळ्यात गावातल्या बायका-पोरं गाई घेऊन इथे यायची आणि महिनोनमहिने इथेच राहून चीज करायची. पुरुष खाली शेतीची कामं उरकायचे. आता बहुतेक घरं कुलूपबंद आहेत.

या भागात पाणी कुठे मिळतं हे मला इथल्याच एका सायकलवाल्याने शिकवलं: स्मशानात. फ्रान्समधल्या गावात दुकान नसेल, कॅफे नसेल, पण चर्च आणि स्मशान असतंच, आणि स्मशानाच्या फाटकाशी फुलझाडांसाठी नळ असतो. त्यावर पिण्याचं नाही अशी पाटी नसेल तर बाटली भरायची. पहिल्यांदा माझे हात धजावले नाहीत. आपल्याकडे स्मशानातून आलं की आंघोळ, आणि इथे मी तिथलंच पाणी पिणार! आईला हे अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचत नाही, पण तुमच्यापैकी कुणी वाईचं असेल तर कृपा करून गप्प बसा.

अशाच एका नळाशी एक आजोबा भेटले. हातात झारी, पायात रबरी बूट. मी "बोंजूर, मस्य" म्हटलं (इथे आधी नमस्कार, मग बाकीचं, नाही केला तर माणूस आक्रसतो). कुठली विचारलं, भारत म्हटल्यावर त्यांनी माझ्या सायकलकडे असं पाहिलं की जणू मी तिथूनच चालवत आले. मग त्यांची कहाणी निघाली. सोळाव्या वर्षी पॅरिसला गेले, काकाच्या कॅफेत. आधी बशा धुतल्या, मग गल्ल्यावर बसले, निवृत्त होऊन परत आले ते बायकोला इथे आणूनच. त्यांनी मान हलवून ज्या कबरीकडे खूण केली तिथे ताजी फुलं होती.

ओव्हेर्न्यच्या लोकांनी पॅरिसला जाणं ही जुनी रीत. आधी पाणी वाहिलं, मग कोळसा विकला, कोळशाच्या दुकानातच वाईनचे पेले ठेवले आणि त्यातून कॅफे उभे राहिले. अशा माणसाला पॅरिसमध्ये 'बून्या' म्हणत. मला हे समजायला काहीच वेळ लागला नाही. माझे थोरले काका गिरणगावात होते. चाळीतल्या खोलीत गावचे बाराजण, पगारातून मनीऑर्डर, आणि गावाकडचं घर मात्र जत्रेपुरतं उघडायचं.

कांताल जिल्ह्यात आज दीड लाखाहून कमी लोक राहतात, क्षेत्रफळ ५,७०० चौरस किलोमीटर. चौरस किलोमीटरला पंचवीसेक माणसं. आपल्या साताऱ्यात २०११च्या जनगणनेनुसार ती दोनशे ऐंशीच्या वर आहेत. ज्या शांततेसाठी मी शनिवारी पहाटे उठते, ती अशी तयार झालेली आहे. काही पॅरिसला गेले, काही १९१४ ते १९१८च्या युद्धात. प्रत्येक गावात त्या मेलेल्यांचा स्तंभ असतो. एका वाडीवजा गावात मी दम खात बसले असताना नावं मोजली: सत्तावीस, त्यात एकाच आडनावाचे चौघे. खिडक्या उघड्या असलेली घरं मोजली तर नऊ भरली.

शांततेचे काही खर्चही आहेत. दुपारी बारा ते दोन सगळं बंद. सोमवारी बेकरीसुद्धा बंद. म्हणून मी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. केळ्यापेक्षा टिकतात आणि पिशवीत चेंदा होत नाही. दुसरं म्हणजे खडी. उन्हाळ्यात इथे रस्त्यावर डांबर फवारून वर बारीक खडी टाकतात आणि ती दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. दिवसाला अकरा गाड्या म्हटल्यावर खडी किती दिवस सुटी राहील याचा हिशेब तुम्हीच करा. उतारावर मी एकदा त्यात सरळ आडवी झाले, गुडघा सोलला. तिसरं, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचा जुना नियम: गावात गोठ्याच्या बोळातून ट्रॅक्टर बेधडक बाहेर येतो आणि हक्क त्याचाच असतो. बाकी गाडीवाले सभ्य. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे आणि बहुतेक जण तो पाळतात. अरुंद चढावर एक बाई माझ्यामागे अर्धा किलोमीटर गाडी हळूहळू चालवत आली, हॉर्न नाही की काही नाही. शेवटी लाजून मीच बाजूला थांबले.

कांतालच्या पुई मारी शिखराचं सगळे विचारतात. शेजारची पा द पेरोल ही खिंड १५८९ मीटरवर, या डोंगरपट्ट्यातली सगळ्यात उंच रस्त्याची खिंड. हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते. सालेरच्या बाजूने शेवटचे दोन किलोमीटर असे उभे आहेत की मी देवाचं नाव घेतलं आणि शिव्याही दिल्या. जरूर जा, पण उन्हाळ्यात माथ्यावर मोटारसायकली आणि आइस्क्रीम असतं. मला पांढरी रेघच बरी.

तीही वर्षातून तीन आठवडे भरते. परवा, ऑगस्टच्या मध्याला, आँबेरच्या वरच्या वाड्यांमधून गेले तर दारंखिडक्या उघड्या, दोरीवर चादरी, अंगणात पोरं. इथे गाडीच्या पाटीवर जिल्ह्याचा आकडा आपल्या मर्जीने निवडता येतो, राहता त्या जिल्ह्याचाच हवा असं नाही. म्हणून पॅरिसहून आलेल्या गाडीवरही इथल्या जिल्ह्याचा ६३ मिरवतो. स्मशानातले आजोबा फाटकाशीच होते, या वेळी दोन नातवंडं झारी ओढत होती.

संध्याकाळी फोन केला.

"किती गं आज?"

"बेचाळीस."

"अगं बाई! एवढ्या कुठून?"

"चाकरमानी आलेत."

आई जरा थांबली. "मग आज पडली असतीस तर चाललं असतं."