बारशाची कॅसेट

दुपारी दोन-अडीचची वेळ. मे महिना आणि सांगली, म्हणजे उन्हाबद्दल वेगळं काही सांगायला नको. भाचा शहाबादी फरशीवर उताणा पडून मोबाइल बघत होता, मी खुर्चीत बसून लसूण सोलत होते. आणि एकदम त्याच्या मोबाइलमधून तो आवाज आला. उलटा आवाज. पियानोचा सूर शेपटीकडून निघावा, फुगत फुगत तोंडाकडे यावा आणि फटकन तुटावा, तसा. मांडीवरचा लसूण सांडला, मी उठले, दोन पावलं धावलेसुद्धा. हात पुढे, बोट 'स्टॉप' दाबायच्या तयारीत. फीत गुंतली होती ना!

मग लक्षात आलं, मोबाइलला फीत नसते.

"मावशी, काय झालं गं?"

"काही नाही. हे गाणं कुठून आणलंस तू?"

"हे? हे जोजोचं आहे."

"जोजोचं कसलं? तुझ्या मामाचं आहे ते."

दादा तेव्हा पुण्याला होस्टेलवर होता. सुट्टीला यायचा तो कपडे कमी आणि कॅसेटी जास्त घेऊन. विकत घेतलेल्या नाहीत, भरून घेतलेल्या. दुकानात जाऊन गाण्यांची यादी द्यायची, साठची की नव्वदची ते सांगायचं, आणि चार दिवसांनी न्यायला जायचं. दुकानदार आतल्या कार्डावर बॉलपेनने नावं लिहून द्यायचा. त्याची ती लिपी, त्याचंच ते स्पेलिंग. लेड झेपलाइन. पिंक फ्लाइड. मी नावं वाचायची, गाणी ऐकायची परवानगी नव्हती. दादा नसताना टेपला हात लावायचा नाही हा घरातला कायदा. त्यामुळे कितीतरी बँड मला गाण्यांच्या आधी नावांनीच भेटले. एखाद्या लांबच्या नातेवाइकाबद्दल नुसतं ऐकावं आणि मनात त्याला मिशा फुटाव्यात, तसं व्हायचं. किंग क्रिमसन हा मला बरीच वर्षं एक माणूस वाटायचा. लाल कोट घातलेला, रागीट.

आणि हे उलट्या आवाजाचं गाणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दादाला विचारलं होतं, "कुणाचं आहे?"

"यस."

"अरे हो काय, कुणाचं?"

"यस!"

आमचं भांडण आईपर्यंत गेलं. बँडचं नावच 'यस' आहे हे आईला पटवता पटवता दादाच्या नाकी नऊ आले. आई म्हणाली, "काहीही सांगतोस."

तर ते 'राउंडअबाउट'. १९७१ सालचं, साडेआठ मिनिटांचं. सुरुवातीचा तो सूर खरोखरच टेपवर उलटा वाजवलेला आहे, असं पुढे कधीतरी कळलं. पण कळून काय उपयोग? अंगठ्याला ते कळलेलं नाही.

भाच्याचं म्हणणं वेगळं. त्याच्या लेखी हे गाणं म्हणजे मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणीतरी गच्चीवरून पाय घसरून पडणार, तेवढ्यात गिटार वाजायला लागते, चित्र जागच्या जागी थिजतं, जुन्या फोटोसारखं पिवळट होतं, आणि कोपऱ्यात बाण येतो: टू बी कंटिन्यूड. मग त्याने मला समोर बसवून सगळं सांगितलं. हिरोहिको अराकी नावाचे चित्रकार, जन्म १९६०, गाव सेंदाई. 'जोजोज बिझार अ‍ॅडव्हेंचर' ही त्यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८७ साली साप्ताहिक 'शोनेन जंप'मध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे. आता नववा भाग. २०१२ साली तिची अ‍ॅनिमे मालिका आली, आणि तिच्या पहिल्या भागांच्या शेवटी हे गाणं. १९८७! दादाच्या कॅसेटी होत्या तेव्हाच तिकडे हा गृहस्थ त्याच बँडांची नावं घेऊन बारशी करत बसला होता.

बारशीच. दुसरा शब्द नाही. एकाच घराण्याची पिढ्यानपिढ्यांची गोष्ट, आणि प्रत्येक नायकाच्या नावात 'जो' यायलाच हवा: जोनाथन, त्याचा नातू जोसेफ, त्याचा नातू जोतारो, मग जोसुके, जोलीन. इटलीतला एक जोर्नो. मी म्हटलं, यांची सगळ्यांची मकर रास दिसते. भाच्याला कळलं नाही. त्याचं नावरस नाव काय ते त्याच्या आईलाही आठवत नाही.

नायक सोडून बाकीच्यांची नावं मात्र थेट दादाच्या कार्डावरची. झेपेली नावाचा टोपीवाला गुरू. डिओ नावाचा खलनायक, रॉनी जेम्स डिओ या गायकावरून (त्याचंही जन्माचं आडनाव पादावोना, डिओ हे घेतलेलं). दुसऱ्या भागात दोन हजार वर्षं दगडात झोपलेले तीन महाभयंकर जीव जागे होतात, गोष्टीतलं साल १९३८, आणि त्यांची नावं काय? वॅम, एसिडिसी आणि कार्स. ज्या पोरांनी पुढे ते बँड काढले त्यांचा तेव्हा जन्मसुद्धा झालेला नव्हता. याला काय म्हणायचं? भाचा म्हणाला, "मावशी, लॉजिक नको लावू." बरं.

मला सगळ्यात आवडला तो स्पीडवॅगन. लंडनच्या गल्लीतला गुंड. नायकाने एकदा भलेपणा दाखवला, आणि हा जन्माचा भक्त झाला. याला स्वतःला लढाईत फारसं काही जमत नाही. बाजूला उभा राहून घाम पुसत रेडिओवर धावतं वर्णन सांगावं तसं समोर काय चाललंय ते सांगतो. पुढे त्याला तेल सापडतं, गबर होतो, आणि त्याच्या नावची संस्था या घराण्याच्या पुढच्या पिढ्यांच्या मदतीला धावत राहते. पूर्ण नाव रॉबर्ट ई. ओ. स्पीडवॅगन. आता आर.ई.ओ. स्पीडवॅगन हा अमेरिकेतला बँड. दादाच्या एका कॅसेटवर त्यांचं एक रडकं गाणं होतं. पण बँडने तरी नाव कुठून आणलं? एका मालट्रकवरून. १९१५ पासून रस्त्यावर धावणारा ट्रक, रिओ स्पीड वॅगन. आणि ट्रकला 'रिओ' नाव मिळालं ते रॅन्सम एली ओल्ड्स या कारखानदाराच्या आद्याक्षरांवरून. म्हणजे माणसाचा झाला ट्रक, ट्रकचा झाला बँड, आणि सेंदाईच्या एका पोराने बँडचा परत माणूस केला. हे ऐकल्यावर मी लसूण सोलायची थांबले होते हे मान्य करते.

पुढच्या भागांत माणसांऐवजी त्यांच्या शक्तींना नावं आहेत. स्टँड म्हणतात. आधी टॅरोच्या पत्त्यांवरून नावं ठेवली, मग इजिप्तच्या देवांवरून, आणि देवसुद्धा पुरेनात तेव्हा पुन्हा कॅसेटींचा खोका उघडला. क्रेझी डायमंड, किलर क्वीन, पर्पल हेझ, स्टिकी फिंगर्स. हा 'स्टिकी फिंगर्स' कशालाही चेन लावतो. भिंतीला चेन, जमिनीला चेन, माणसाच्या हाताला चेन. रोलिंग स्टोन्सच्या त्याच नावाच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर जीनची पॅन्ट होती आणि तिला खरीखुरी उघडता येणारी चेन होती. हे माहीत असणारा हसतो, माहीत नसणाऱ्याचं काही अडत नाही. मला ही रीत आवडते. समजावत बसायचं नाही.

इथे एक गोष्ट खटकली. भाचा बघत होता त्यात पात्रं जपानी उच्चारात का होईना पण स्पष्ट ओरडतात, 'क्रेझी डायमंड!' आणि खाली इंग्रजी अक्षरांत येतं: शायनिंग डायमंड. किलर क्वीनची डेडली क्वीन. किंग क्रिमसन एम्परर क्रिमसन. सेक्स पिस्टल्स सहा आहेत म्हणून सिक्स बुलेट्स. आणि स्टिकी फिंगर्स झाला चक्क झिपर मॅन. अमेरिकेत नावांवर कुणी दावा ठोकायला नको, म्हणून ही खबरदारी. एसी/डीसीच्या गाण्यावरून एका स्टँडचं नाव आहे, 'डर्टी डीड्स डन डर्ट चीप', त्याचं एका व्हिडिओ गेमच्या अक्षरांत 'फिल्दी अ‍ॅक्ट्स अ‍ॅट अ रीझनेबल प्राइस' झालेलं आहे. घाणेरडी कामं वाजवी दरात करून मिळतील. लक्ष्मी रोडवरची पाटी असावी तसं.

पण हसून झाल्यावर मला जरा राग आला. नावं बदलण्याबद्दल माझा जुनाच राग आहे. आमच्या धाकट्या आत्याचं नाव लग्नात बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले. मी सात-आठ वर्षांची असेन. त्या ताटात वाकून बघितलं तर तिथे कुणीतरी भलतीच बाई लिहिलेली. आत्या माहेरी आली की जुन्या नावाने हाक मारली तर पटकन वळायची, आणि सासरच्या नावाचं पत्र आलं की दोन क्षण ते कुणाचं आहे असं बघत राहायची. क्रेझी डायमंडचं तेच झालंय. तोंडात माहेरचं नाव, कागदावर सासरचं. एक तर 'मेड इन हेवन'चं 'मेडन हेवन' केलंय. कुमारी स्वर्ग! आता काय बोलणार?

मांगातल्या लोकांच्या उभं राहण्याबद्दलही बरंच सांगून झालं. कंबर एकीकडे, मान दुसरीकडे, हात तोंडासमोर. अराकींनी रोममध्ये बर्निनीचे पुतळे बघितले, फॅशनची चित्रं बघितली, त्यातून ते आलं. २००९ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्यांची चित्रं लागली, २०११ मध्ये गुच्ची या फॅशन कंपनीबरोबर काम झालं. भाचा गच्चीवर तसं उभं राहून फोटो काढून घेतो. त्याला म्हटलं, इथून तासाभरावर खिद्रापूर आहे, कोपेश्वराच्या देवळाबाहेर बायका आठेकशे वर्षं अशाच उभ्या आहेत, कंबर न दुखता. ते त्याने ऐकल्यासारखं केलं.

मग त्याने किंग क्रिमसनची शक्ती समजावायला घेतली. मित्रांमध्ये यावरून रात्ररात्र वाद होतात म्हणे, कुणालाच ती धड कळत नाही. तर तो स्टँड मधला काही वेळ खोडून टाकतो. तेवढ्या वेळात जे घडायचं ते घडतं, पण कुणाला ते जगल्याचं आठवत नाही. आधीचं आठवतं, एकदम पुढचं दिसतं. मधलं गेलं कुठे?

"एवढंच ना?" मी म्हटलं. "कॅसेटवर दुसरं भरलं की होतं ते."

आणि मग त्याला बारशाची गोष्ट सांगावी लागली.

काकाच्या मुलाचं बारसं आमच्या घरी होतं. दादा मित्राकडे गेला होता. काका म्हणाला, पाळणा टेप करू, आई म्हणणार आहे. आई म्हणजे आमची आजी. घरात कोरी कॅसेट नाही. भरलेली कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिच्या डोक्यावरचे दोन प्लास्टिकचे कान तोडून ठेवायचे असतात, आणि दादाने ते इमानाने तोडलेले. पण त्या भोकांवर सेलोटेप लावली की परत भरता येतं, हेही घरात सगळ्यांना माहीत. काकाने हाताला लागली ती कॅसेट घेतली, सेलोटेप लावली, आणि जिथे थांबली होती तिथून पुढे लाल बटण दाबलं.

त्यामुळे आमच्या घरच्या 'राउंडअबाउट'मध्ये असं होतं. उलटा सूर, गिटार, मग सगळे जोरात, ऑर्गन, ड्रम, चाललंय चाललंय, आणि खट्. एक क्षण शांतता. मग कुणीतरी खोकतं. भांडं पडतं. "अगं, कुंची सरळ कर त्याची," असा मोठ्या काकूचा आवाज. आणि आजी, किंचित चढ्या सुरात, मागून पंधरा-वीस बायका:

जो बाळा जो जो रे जो.

दादा रात्री आला, हेडफोन लावून ऐकायला बसला, आणि नंतर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आईने चार वेळा त्याच्या आवडीचं थालीपीठ केलं. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, तो कॉटवर बसून त्या कॅसेटवरची सेलोटेप नखाने खरवडून काढत होता. हळूहळू, चिकटा राहू नये म्हणून बोटाला थुंकी लावून. कान परत उघडे. आता त्याच्यावर कुणालाच काही भरता येणार नव्हतं, त्यालाही नाही.

भाचा उठून बसला होता. "म्हणजे आमच्या घरात ते गाणं खरंच 'जोजो'चं होतं?" त्याला झालेला आनंद बघण्यासारखा होता. "कुठेय ती कॅसेट?"

माळ्यावर असेल. किंवा काकाच्या मुलाकडे. तो मुलगा आता पुण्यात असतो, दोन मुलांचा बाप आहे. दादाला फोन लावला. तो म्हणाला, "कुठली गं? हां, ती. तिला बुरशी आली असेल आता." मग जरा थांबून म्हणाला, "दुकानदाराने नीट भरलीच नव्हती ती. एका बाजूचा आवाजच कमी होता."

माझ्या लक्षात आलं, हे गाणं मी आजवर पूर्ण ऐकलेलंच नाही. भाच्यानेही नाही, त्याचं तर गिटार संपतानाच बाण येऊन संपतं. म्हटलं, लाव. संपूर्ण लाव. तो पुन्हा फरशीवर आडवा झाला, मी सांडलेला लसूण गोळा करून बसले. उलटा सूर आला तेव्हा अंगठा हलला, पण मी उठले नाही. गिटार. मग सगळे जोरात. चार-पाच मिनिटं झाली असतील.

"मावशी, हे अजून चालूच आहे?"

"ऐक गप."

आमची जागा आली तशी गेली. गाणं आपलं पुढे चाललेलं, कुणीतरी सुरेख ऑर्गन वाजवत होतं. मी पाकळी हातात धरून खोकल्याची वाट बघत राहिले.