टोरंटोत रात्री अकराला जामठ्यात सकाळ होते

२०२१ मध्ये नोकरीसाठी टोरंटोला आले, तेव्हा विदर्भाचे रणजी सामने आपल्याला बघता येणार नाहीत हे ध्यानातच आलं नव्हतं. नागपुरात असताना त्यासाठी काही करावं लागत नसे. बाबा डबा घेऊन वर्धा रोडने जामठ्याच्या स्टेडियमला निघायचे आणि मी मागे बसायचे. विदर्भ पहिला रणजी सामना खेळला १९५७-५८ च्या हंगामात आणि पहिला करंडक जिंकला २०१७-१८ मध्ये. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, तेव्हा आमच्या हॉलमध्ये बाबा रडले होते.

इथे पहिल्या हंगामात भारतातलं ॲप उघडलं, तर ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ अशी पाटी आली. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे पैसे भरायची तयारी असूनही उपयोग नव्हता. शिवाय रणजीच्या साखळी सामन्यांपैकी मोजकेच दाखवतात. मग बीसीसीआयच्या संकेतस्थळावरच्या धावफलकावर आले आणि तिथेच राहिले.

नुसता धावफलक वाचायलाही शिकावं लागतं. दोन चेंडूंमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला, की पोटात गोळा यायचा: विकेट पडली, की कुणाला लागलं, की नुसतंच पाणी आलं? लागोपाठ निर्धाव षटकं दिसली की फिरकीपटूने एक टोक धरलंय हे समजायचं. पण चेंडू खाली राहतोय का, फलंदाज चाचपडतोय का, हे कळायचं नाही.

वेळेचं गणित सुरुवातीला सोपं वाटलं. हिवाळ्यात आपल्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. नागपुरात साडेनऊला खेळ सुरू, म्हणजे इथे आदल्या रात्री अकराला. पण २०२४ चा वानखेडेवरचा अंतिम सामना १० मार्चला सुरू झाला आणि नेमकं त्याच रात्री इथलं घड्याळ पुढे सरकलं. उपाहारानंतरचा खेळ नुकताच सुरू झाला होता आणि दोनचे एकदम तीन वाजले. दुसऱ्या दिवसापासून सामना मध्यरात्री सुरू होऊ लागला.

मुंबईने ५३८ धावांचं लक्ष्य दिलं होतं. शेवटच्या दिवशी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळत राहिले, तशी मीही झोप टाळत राहिले. वाडकर १०२ वर बाद झाला आणि मग आमचा डाव पटकन आटोपला. १६९ धावांनी हरलो. चार तासांनी मला ऑफिसला जायचं होतं, आणि त्या दिवशी बोलायला एकही माणूस नव्हता. मला सगळ्यात जड गेलं ते हे. हरणं बाबांबरोबर सोसलं होतं, एकटीने नाही.

तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी बाबांना मैदानावरून फोन करायला सांगायचं. प्रत्येक सत्र संपलं की पाच मिनिटं. आणि रात्रभर जागायचं नाही. संध्याकाळी सातला झोपायचं, अकराला उठायचं, उपाहारापर्यंत बघून पुन्हा पडायचं. हे जमायला जवळजवळ अख्खा हंगाम गेला, पण जमलं.

२०२५ चा अंतिम सामना जामठ्यातच होता, केरळविरुद्ध. पहिल्या सकाळी ३ बाद २४. मी फलक बघून घाबरले होते, आणि बाबा फोनवर म्हणाले, “काहून घाबरून राहिली? पोट्टा चांगला खेळून राहिला.” पोट्टा म्हणजे दानिश मालेवार. त्याने १५३ केल्या. करुण नायर ८६ वर गेला तेव्हा फलकात फक्त ‘धावबाद’ एवढंच होतं. कुणाची हाक, कोण थांबलं, ते सगळं बाबांनी नंतर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी केरळचा सचिन बेबी ९८ वर बाद झाला, तेव्हा इथे पहाट होती. केरळचा डाव ३४२ वर संपला, आम्हाला ३७ ची आघाडी. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक मिळतो, म्हणजे या ३७ धावांनंतर फक्त टिकून राहायचं होतं. दुबेचे हंगामातले बळीही ६९ झाले होते, रणजीच्या एका हंगामातला विक्रम.

पाचव्या दिवशी इथे शनिवारची रात्र होती, त्यामुळे झोपलेच नाही. ९ बाद ३७५ वर खेळ थांबला. फलकावर ‘अनिर्णित’ हा शब्द यायच्या आधीच फोन वाजला. बाबा बोलत नव्हते, त्यांनी फोन नुसता हवेत धरला होता. पलीकडे ढोल, शिट्ट्या आणि कुणीतरी अगदी जवळ ओरडत होतं. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला, “ऐकू आलं का बाई?”

“हाव बाबा,” मी म्हणाले. “अजून जरा धरून ठेवा.”