35 तास पाण्याविना: माझ्या दोन सिझरचा अनुभव

मे 2017. बाळ पायाळू होतं, त्यामुळे सिझर आधीच ठरलेलं. सोमवारी रात्री दहानंतर तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा घोटही नाही, असं बजावलं होतं. मी ते अक्षरशः पाळलं. मंगळवारी सकाळी आठची वेळ दिली होती, पण मध्येच एक तातडीची केस आली आणि माझा नंबर लागेपर्यंत बारा वाजून गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या जागी मी असते तर मलाच आधी घेतलं असतं.

मुलगी झाली. तिचं रडणं ऐकलं, गालाला गाल लावला, आणि तासाभरात मी वॉर्डात होते. स्पायनलमुळे, म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या भुलीमुळे, पाय ओंडक्यासारखे, अंगात हुडहुडी, आणि घशाला अशी कोरड की जीभ टाळूला चिकटत होती. मी सिस्टरना म्हटलं, "थोडं पाणी द्या ना." त्या म्हणाल्या, "गॅस पास झाल्याशिवाय नाही, ताई. उद्या राउंडला डॉक्टर बघतील."

उद्या!

टाक्यांचं दुखणं मी विसरले आहे, तहान विसरलेले नाही. खिडकीखाली उसाच्या रसाचं दुकान होतं. चरकाला बांधलेले घुंगरू थोड्या थोड्या वेळाने वाजायचे आणि मला तो फेसाळलेला पेला दिसायचा. मुंबईतला मे, पंखा गरम हवा फिरवतोय, बाळाला छातीशी धरलेलं. सलाईन चालू होतं, शरीराला पाणी मिळत होतं, हे मलाही कळत होतं. पण सलाईन शिरेत जातं, तोंड कोरडं ते कोरडंच राहतं.

रात्री आई सोबतीला होती. मी तिला म्हटलं, "एक चमचा दे, कुणाला कळणार नाही." तिने ओला कापूस ओठांवरून फिरवला आणि म्हणाली, "तुझ्या भावाच्या वेळी मलाही दोन दिवस एवढंच मिळालं होतं गं. काढ ही रात्र." मग ती भिंतीकडे तोंड करून बसली. रडत होती, हे मला पाठीवरून कळलं. लेकीने पाणी मागावं आणि आईने ते देऊ नये, ही शिक्षा तिलाही झाली होती. बुधवारी सकाळी नऊला परवानगी मिळाली, तेव्हा मी हिशेब केला: 35 तास.

2022 मध्ये दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा हॉस्पिटल वेगळं होतं. आठव्या महिन्यात मी डॉक्टर मॅडमना पहिलाच प्रश्न पाण्याचा विचारला. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांना वाटलं मी बाळाच्या वजनाचं विचारेन. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावलं.

ऑपरेशनआधी उपाशी ठेवण्यामागे खरं कारण आहे. पूर्ण भूल दिलेल्या बाईच्या पोटातलं अन्न किंवा आम्ल वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. मेंडेलसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1946 मध्ये बाळंतपणातल्या अशा केसेस मांडल्या, तेव्हापासून ही धास्ती पक्की झाली. पण आता बहुतेक सिझर स्पायनलवर होतात आणि पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं. म्हणून धोका नसलेल्या बाईला हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. दूध मात्र खाण्यात धरायचं.

आणि नंतर? आतड्यांना हात लागलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर ती काही काळ मंदावतात, म्हणून गॅसची वाट बघायची पद्धत पडली. सिझरमध्ये काम गर्भाशयावर असतं, आतडी फारशी हाताळली जात नाहीत. जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2002 च्या आढाव्यात गुंतागुंत नसलेल्या सिझरनंतर पाणी किंवा जेवण अडवून ठेवण्याला आधार देणारा पुरावा मिळाला नाही. सिझरनंतर लवकर बरं व्हावं यासाठीच्या 'इरास' मार्गदर्शनात 2019 साली दोन तासांच्या आत नेहमीचं खाणं सुरू करा असं सांगितलं आहे. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या इंग्लंडमधल्या नाइस संस्थेचं म्हणणंही तसंच: तब्येत ठीक असेल तर भूक-तहान लागेल तेव्हा द्या. हे शेवटचे तपशील मी घरी येऊन वाचले, आणि 2002 हा आकडा बघून बराच वेळ गप्प बसले. माझी ती रात्र 2017 ची होती.

मॅडमनी अपवादही सांगितले. रक्तस्राव जास्त झाला, पूर्ण भूल द्यावी लागली, बीपी फार वाढलं, आतड्याला किंवा मूत्राशयाला इजा झाली, उलट्या थांबत नसल्या तर थांबावं लागतं. "ते मी त्या वेळी ठरवेन, पण काय ठरवलं ते तुम्हाला सांगेन," एवढं त्या म्हणाल्या, आणि मला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या सिझरच्या दिवशी पहाटे मी ग्लासभर पाणी पिऊन गेले. मुलगा झाल्यावर तासाभराने सिस्टरनी पाणी पुढे केलं आणि म्हणाल्या, "घोट घोट घ्या." मी अधाशासारखं अर्धा ग्लास संपवलं आणि उलटी झाली. पोटाला हात लावून उलटी करणं काय असतं, ते सिझर झालेल्या बाईलाच माहीत. मला वाटलं, झालं, आता बंद. पण सिस्टरनी बीपी बघितलं, इंजेक्शन दिलं, अर्धा तास थांबल्या आणि पुन्हा चमच्याने सुरुवात केली. या वेळी टिकलं. दुपारी चहा-बिस्कीट, संध्याकाळी मऊ भात आणि वरण. गॅस पास झाला तो रात्री, जेवणानंतर.

आईला हे पटायला वेळ लागला. पहिला घास भरवताना तिचा हात थबकला होता. "नक्की चालेल ना?" असं तिने सिस्टरना तीनदा विचारलं. मग वाटी संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही, फक्त ओठ पुसत राहिली.

आता नणंदेची तारीख जवळ आली आहे. तिला मी डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारायला लावल्या: आधी पाणी कधीपर्यंत, नंतर कधीपासून, आणि वेळ पुढे गेली तर मला कोण सांगणार. तिचं बीपी थोडं जास्त आहे, म्हणून तिच्या डॉक्टरांनी सिझरनंतर चार तास थांबू असं सांगितलं. का, तेही सांगितलं. चार तास निघतात. तिच्या पिशवीत मी नळीचा शिपर भरून ठेवला आहे, कारण उताणं पडून पेल्याने पाणी पिता येत नाही, अर्धं मानेवर सांडतं.