आमची वाटचाल: सहा पाहुणे आणि एक टाकोचा ठेला

मेक्सिकोची सहल आम्ही सुरू केली ती सगळे करतात तशीच: तेओतिवाकानचे पिरॅमिड, फ्रिदा काहलोचं निळं घर, सोचिमिल्कोच्या रंगीत नावा आणि जेवायला टेबलखुर्चीची हॉटेलं. रस्त्यावरचा टाको म्हणजे एखाद्या संध्याकाळी जमलं तर. आता मेक्सिको सिटीतला आमचा मुक्काम ठेल्यांच्या वेळांवरच आखला जातो, आणि पुण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीचा हिशोब त्यापायी बराच बदलला.

सुरुवात गटाच्या आकारापासून झाली. जुन्या ठेल्यावर साधारण तीन जण काम करतात. एक कापतो आणि भाजतो, एक तोर्तिया, म्हणजे टाकोची मक्याची पातळ पोळी, गरम करून ताटल्या भरतो, तिसरा पेयं आणि पैसे बघतो. ऑर्डर तोंडी असते: कुठला टाको, किती, आणि ‘कोन तोदो’, म्हणजे कांदा-कोथिंबीर घालून. चौदा जण बसमधून उतरून ‘यात काय असतं?’ विचारू लागले की हा ताल मोडतो, मागचे रोजचे गिऱ्हाईक ताटकळतात आणि ठेलेवाला पुढच्या वेळी आपल्याला बघून मान फिरवतो. म्हणून गट सहाचा केला. बस गेली, मेट्रो आणि टॅक्सी आली. कोणता टाको काय असतो हे सगळं हॉटेलातच सांगून होतं. ठेल्यापुढे फक्त ऑर्डर.

वेळेचं गणित त्याहून महत्त्वाचं. मेक्सिको सिटी भारताच्या साडेअकरा तास मागे आहे, त्यामुळे पाहुणे पहिल्या दिवशी रात्री दोनलाच टक्क जागे असतात आणि संध्याकाळी सातला पेंगतात. अशा दिवशी रात्रीचा कार्यक्रम ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या सकाळी आम्ही ‘ताकोस दे कानास्ता’ खायला नेतो: टोपलीत कापडाखाली वाफेवर मऊ झालेले, बटाट्याचे, घेवड्याच्या दाण्यांचे. विकणारे बरेचदा सायकलवर असतात. दुपारी ‘गिसादो’, म्हणजे मातीच्या भांड्यांत मांडलेल्या तयार भाज्या-रश्शांचे टाको. ‘अल पास्तोर’, म्हणजे उभ्या सळईवर भाजलेल्या पोर्कचे टाको, दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री, नऊनंतर.

नऊनंतरच का, हे त्रोम्पो, म्हणजे मांस रचलेली ती सळई, बघितला की कळतं. लेबनॉनहून आलेल्या लोकांनी उभ्या सळईवर मांस भाजण्याची रीत मेक्सिकोत आणली. तिथे तिला पोर्क, आणि अचिओते नावाच्या लाल बिया व सुक्या ग्वाहियो मिरचीचं वाटण मिळालं. मसाल्यात मुरलेले पातळ काप एकावर एक रचून वर अननस खोचतात. आच बाजूने लागते, त्यामुळे बाहेरचा थरच शिजलेला असतो. गिऱ्हाईक भरपूर असेल तर तो थर खरपूस होताच कापला जातो आणि आतला पुढे येतो. गिऱ्हाईक कमी असलं की दोनपैकी एक होतं: मांस वाळतं, किंवा कारागीर जाड तुकडे कापून तव्यावर परततो. त्या परतलेल्या मांसाला चव असते, पण ती अल पास्तोरची नाही. म्हणून ठेला निवडताना आम्ही पाटी बघत नाही. त्रोम्पो किती वेगाने बारीक होतोय आणि सुरी थेट त्यावर चालतेय का, एवढंच बघतो.

दुसरा प्रकार सुआदेरोचा. हे गाईचं पोटाजवळचं मांस चरबीत हळूहळू शिजतं. त्याचा तवा मधे फुगीर असतो, भोवती चरबीची खोलगट चारी. त्याच चरबीत लोंगानिसा, म्हणजे पोर्कचं सॉसेज आणि आतडीही शिजतात, तोर्तियाही तिथेच बुडवून फुगवट्यावर गरम होते. त्यामुळे ‘बीफ नको, फक्त पोर्क’ किंवा उलट, असं त्या तव्यावर होऊ शकत नाही. हे आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगतो.

आमचे निम्म्याहून जास्त पाहुणे शाकाहारी, आणि खरी मेहनत तिथेच आहे. ‘सिन कार्ने’ म्हटलं की चिकन समोर येऊ शकतं, कारण कार्ने म्हणजे बऱ्याच जणांच्या लेखी लाल मांस. शिजवून घोटलेल्या घेवड्यात बहुधा डुकराची चरबी असते, भातात कोंबडीचं पाणी. विचारायचं ते असं: ‘तिएने मान्तेका?’, चरबी आहे का? भरवशाचे पर्याय म्हणजे फड्या निवडुंगाचे नोपालेस, भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, भोपळ्याची फुलं, मक्यावरची काळी बुरशी वित्लाकोचे, आणि कोरड्या तव्यावर भाजलेले त्लाकोयो, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या लांबट जाड भाकऱ्या. तवा वेगळा मिळेलच असं नाही. ज्यांना ते चालत नाही त्यांना मांसाच्या ठेल्यावर नेतच नाही. त्यांच्यासाठी बाजारातल्या त्लाकोयोवाल्या बायकांची दुपार वेगळी ठेवली आहे.

साल्साबाबत, म्हणजे टाकोवर घालायच्या चटणीबाबत, एकच नियम: आधी थेंबभर हातावर. पातळ हिरवी साल्सा अवोकाडोची वाटते आणि मिरचीची निघते. मराठी माणूस ‘आम्हाला तिखटाचं काय’ म्हणत चमचाभर ओततो आणि पुढचे दोन टाको फुकट जातात. सोबत हामाइका घ्यावं. ते लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आहे, आंबटसर, हातातल्या टाकोशी छान जमतं.

सान राफाएल भागातलं १९६८पासूनचं टाकोचं दुकान ‘एल कालिफा दे लेओन’ सगळ्यांनाच बघायचं असतं. २०२४मध्ये त्याला मिशलिन या खाद्यमार्गदर्शिकेचा तारा मिळाला, रांग वाढली. बसायला जागा नाही, टाको चारच प्रकारचे. प्रसिद्ध आहे तो गाओनेरा: बीफच्या फिलेचा पातळ काप, मीठ, लिंबू, बस्स. तोर्तिया तिथेच थापली जाते. अल पास्तोरची आवड असेल तर मात्र आम्ही १९५९पासूनचं ‘एल वेकितो’ आधी सुचवतो. शाकाहाऱ्यांनी दोन्हीकडे रांगेत वेळ घालवू नये.

पैशांचं सोपं आहे. पाचशे पेसोंची नोट ठेल्यावर अडचणीची, म्हणून आम्ही प्रत्येकाला वीस, पन्नास, शंभरच्या नोटांचं पाकीट देतो. ताटलीवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली असते. खाऊन झालं की पिशवी काढून टाकतात, ताटली परत करायची. बरेच ठिकाणी पैसे शेवटी, आणि किती खाल्ले ते आपणच सांगायचं. एकदम पाच मागवू नयेत, दोन-दोन घ्यावेत, कारण छोटी तोर्तिया रसाने लगेच भिजते. म्हणूनच ती बहुधा दुहेरी देतात. खालच्या तोर्तियात सांडलेलं गोळा करून आणखी एक टाको होतो.

सहली नोव्हेंबर ते एप्रिल. जून ते सप्टेंबर दुपारनंतर पाऊस येतो, आणि उघड्यावर उभं राहून खाण्याची सगळी मजा जाते.