आठ फुटी छत्री, खारा वारा आणि मधे येणारा माड

कोकणात उपग्रहावरच्या टीव्ही वाहिन्या पकडणारी सी-बँडची मोठी छत्री लावण्यामागे सगळ्यात भक्कम कारण पाऊस हे आहे. डीटीएचच्या छोट्या डिशवर येणारा केयू-बँडचा सिग्नल ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे त्याची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. जुलैतली जोरदार सर आली की थेंबांतच तो विरतो आणि टीव्हीवर 'सिग्नल नाही' झळकतं. सी-बँड ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झचा. त्याची लहर साडेसात सेंटिमीटरची, पावसाने तिला फारसा फरक पडत नाही. पण ज्या पावसासाठी छत्री लावायची, त्याच्याबरोबर वारा येतो आणि वर्षभर खारी हवाही असते. त्यामुळे इकडे छत्री बसवणं हे सिग्नलच्या कामापेक्षा जास्त गवंड्याचं आणि लोहाराचं काम आहे. दिशा लावायला एक सकाळ पुरते. खांब चुकला तर मात्र दर पावसाळ्यानंतर तेच काम पुन्हा करावं लागतं.

घरगुती छत्रीवर फक्त मोफत, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेल्या वाहिन्या दिसतात. पैशांच्या वाहिन्या त्याच उपग्रहांवर असल्या तरी फक्त केबलचालकांसाठी राखून कुलूपबंद केलेल्या असतात. हे आधी समजून घ्या, मगच खर्च करा.

सहा फूट घ्यावी की आठ? आठ फुटीचं क्षेत्रफळ पावणेदोन पट, म्हणजे सिग्नल अडीच डेसिबलने जास्त. शिवाय सहा फुटी छत्रीची नजर जवळजवळ तीन अंश रुंद असते, आठ फुटीची दोनाच्या थोडी वर. उपग्रह एकमेकांपासून दोन-तीन अंशांवर असतात, त्यामुळे लहान छत्रीत शेजारचा उपग्रह डोकावतो. जागा आणि पाया दोन्ही असतील तर आठ फुटीच घ्यावी. गच्चीवरच लावायची असेल तर सहावर थांबावं. किनाऱ्यावर पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियमच्या जाळीची बरी, कारण वारा थोडा तरी आरपार जातो. जाळीची भोकं पाच-सहा मिलीमीटरपर्यंत चालतात, त्याहून मोठी नकोत.

आता जागा. रत्नागिरीहून ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहासाठी छत्रीचं तोंड उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १२८.५ अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेला येतं आणि क्षितिजापासूनची उंची ५९.५ अंश. ८३ अंशासाठी दिशा १५० आणि उंची ६७. ६८.५ अंशासाठी दिशा १९६, म्हणजे दक्षिणेच्या थोडं पश्चिमेला, आणि उंची ६९. अलिबागला ९३.५ ची उंची ५८ वर उतरते, वेंगुर्ल्याला साडेसाठ होते.

एवढी उंची असल्यामुळे घराची भिंत आड येत नाही. आड येतो तो माड. हिशेब सोपा आहे: ९३.५ साठी झाड छत्रीपेक्षा जितकं उंच, त्याच्या ०.६ पट अंतर हवं. पंधरा मीटरने उंच माड असेल तर बुंधा किमान नऊ मीटरवर, आणि झावळ्यांचा पसारा धरून आणखी चार-पाच मीटर. वारा नसताना चित्र स्वच्छ, वारा सुटला की दर दोन सेकंदांनी ठोकळे, असं दिसलं तर नट पिळत बसू नका. छत्रीच्या मागे उभे राहून एलएनबीच्या (छत्रीसमोर मधोमध बसणारा, सिग्नल पकडणारा डबा) रेषेत वर बघा, झावळीचं टोक आत-बाहेर होताना दिसेल. माडाखाली छत्री लावूच नये, कारण एक नारळ पडला की जाळीला खळगा पडतो आणि तो कधीच नीट सरळ होत नाही.

कौलारू घराच्या छपरावर आठ फुटी छत्री लावायचा विचारही करू नका. वासे तो भार घेत नाहीत. खळ्याच्या कडेला किंवा परसात जमिनीवरच लावा. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात आठ फुटी भरीव छत्रीवर ४०० किलोच्या आसपास जोर येतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारा एवढाच होता. वेग निम्मा झाला तर जोर पाव होतो, पण खांब नेहमीच्या वाऱ्यासाठी नसतो, त्या एका दिवसासाठी असतो.

खांबाला तीन इंची जीआय पाइप, सी क्लास, गरम झिंकाचा मुलामा दिलेला. हलका ए क्लास पाइप जमिनीलगत वाकतो. लांबी आठ फूट: तीन फूट आत, पाच वर. त्याहून उंच करू नका, कारण प्रत्येक जादा फूट मुळाशी ताण वाढवतो. तळाकडच्या टोकाला १२ मिलीमीटरच्या सळईचे दोन तुकडे आडवे वेल्ड करून घ्या, नाहीतर काँक्रीटच्या आत पाइप गोल फिरतो आणि छत्री दरवर्षी अंशभर सरकते. वेल्डच्या जागी झिंक पेंटचे दोन हात द्या. खड्डा ३ बाय ३ बाय ३ फूट. १:२:४ च्या मिश्रणाला पाच पोती सिमेंट, १२ घनफूट वाळू, २४ घनफूट खडी लागते. खाडीची वाळू वापरू नका, तिच्यातलं मीठ पाइप आतून खातं. काँक्रीट वर चार इंच उचलून उतार द्या, म्हणजे खांबाच्या मुळाशी पाणी साचणार नाही. पाइपच्या डोक्यावर झाकण बसवा, नाहीतर तो पावसाने भरतो. कातळावर तीन फूट खोदणं जिवावर येतं, पण तिथे दीड फूटही पुरतं, मात्र कातळात सळया गाडून त्या काँक्रीटमध्ये बांधून घ्यायला हव्यात. काँक्रीट ओलं असताना ओळंबा दोन बाजूंनी लावा, पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून. सात दिवस पाणी मारा, दहा दिवस छत्री चढवू नका. हे सगळं दिवाळीनंतर ते होळीपर्यंत उरकावं. आगोटीच्या घाईत केलेला पाया मिरगात कळतो.

गच्चीवरच लावायची असेल तर स्लॅबला भोकं पाडू नका, तिथूनच गळती सुरू होते. लोखंडी चौकट करून चारही पायांवर जांभ्याचे चिरे रचा. एक चिरा पंचवीस-तीस किलोचा. सहा फुटीला असे पंचवीस तरी हवेत, आणि चौकट निदान सहा फूट रुंद.

छत्रीचे भाग जोडताना सगळे बोल्ट आधी हाताने, सैलच लावा. पूर्ण गोल जमला की मग समोरासमोरचे एकेक करून आवळा. नंतर कडेला आरपार दोन दोऱ्या ताणून बांधा, एकमेकींना काटकोनात. मधोमध त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. बोटभर फट राहिली तर छत्री पिळलेली आहे, आणि पिळलेल्या छत्रीला कितीही महाग एलएनबी लावला तरी उपयोग नाही. बोल्ट स्टेनलेसचे घ्या, जमलं तर ३१६ ग्रेडचे. पिवळा मुलामा दिलेला साधा नट किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत इतका धरतो की पाना फिरण्याऐवजी बोल्टच तुटतो. लोखंड ॲल्युमिनियमला टेकतं तिथे नायलॉनचा वॉशर घाला, आट्यांना ग्रीस लावा.

एलएनबी कुठे बसतो ते मोजून ठरवा. छत्रीच्या व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळा पट. व्यास २४४ सेंटिमीटर आणि मधली खोली ४० असेल तर ९३ सेंटिमीटर. हे अंतर तळापासून एलएनबीच्या तोंडापर्यंत. मधोमध आहे का ते तीन कडांपासून दोरीने तपासा, तिन्ही अंतरं सारखी आली पाहिजेत.

दिशा शोधायची सोपी युक्ती: शेजारी कुणाकडे डीडी फ्री डिश असेल तर ती जीसॅट-१५ कडे, ९३.५ अंशांकडेच बघत असते. सी-बँडचा जीसॅट-१७ त्याच जागी आहे. शेजारच्या डिशची आडवी दिशा जशीच्या तशी घ्या. टाटा प्लेची डिश ८३ कडे बघते. उंची मात्र त्यांच्यावरून घेऊ नका, त्या ऑफसेट डिश दिसायला बऱ्याच खाली वाकलेल्या असतात. मोठ्या छत्रीच्या कडेवर वरून खाली सरळ पट्टी धरा. ओळंब्याशी तिचा जो कोन होतो तोच उंचीचा कोन. कंपास वापरला तर लोखंडी खांबापासून तीन मीटर दूर उभे राहा.

रिसीव्हरमध्ये एलएनबी फ्रिक्वेन्सी ५१५०, २२ किलोहर्ट्झचा टोन बंद. बहुतेक बॉक्स केयूच्या ९७५०-१०६०० वर ठेवलेले येतात आणि लोक तासभर छत्री फिरवत राहतात. चालू असल्याची खात्री असलेलाच ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा वाहिन्या पाठवणारा संच) निवडा. 'स्ट्रेंग्थ'च्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, एलएनबीला नुसती वीज मिळाली तरी ती वर जाते. बघायची ती 'क्वालिटी'. तीन इंची पाइपच्या घेरावर एक अंश म्हणजे पाऊण मिलीमीटर! म्हणून खांबाला कागदाची पट्टी चिकटवून खुणा करा, एकेक खूण सरका आणि प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबा. डिजिटल रिसीव्हरला पकडायला तेवढा वेळ लागतो. क्वालिटी डावीकडे जिथे पडते आणि उजवीकडे जिथे पडते, त्यांचा मध्य धरा. मग तसंच उंचीला. शेवटी एलएनबीचा पीळ, म्हणजे तो जागच्या जागी किती फिरवायचा: छत्रीच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभं राहिल्यावर ९३.५ साठी घड्याळाच्या उलट ४८ अंश, ८३ साठी २९. ६८.५ साठी घड्याळाच्या दिशेने १५.

केबल आरजी-६, तांब्याच्या गाभ्याची. एलएनबी १३ व्होल्टवर उभं आणि १८ वर आडवं ध्रुवण (लहरीच्या कंपनाची दिशा) घेतो. आडव्या वाहिन्या एकदम गायब, उभ्या ठणठणीत, असं झालं तर दिशा हलवू नका. केबल लांब आहे किंवा जोडात हिरवा गंज चढलाय, त्यामुळे १८ व्होल्ट वर पोचत नाहीत. ३० मीटरच्या आत राहा. कनेक्टर कॉम्प्रेशनचे, वर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. एलएनबीपाशी केबलला खाली लोंबणारा झोळ द्या, म्हणजे पाणी ओघळून तिथून टपकेल.

वाहिन्या पूर्वी नीट होत्या, आता स्ट्रेंग्थ भरलेली आणि क्वालिटी शून्य, असं असेल तर जवळपास फाइव्ह-जीचा टॉवर उभा राहिलाय का बघा. २०२२ च्या लिलावात मोबाइलला ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ मिळाले, आणि जुने एलएनबी ३.४ पासूनच कान उघडे ठेवतात. फक्त ३.७ ते ४.२ ऐकणारा, फिल्टरवाला एलएनबी लावावा लागतो.

मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास ९३.५ वरच्या वाहिन्या काही मिनिटं जातात. बिघाड नाही, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. त्या वेळी छत्रीत बघा: एलएनबीची सावली बरोबर मधोमध पडली असेल तर दिशा अचूक आहे. याहून चांगला मीटर नाही.

अर्थिंग टाळू नका. जांभ्याची जमीन वीज नीट वाहत नाही, म्हणून कोळसा-मिठाचा खड्डा करून २५ बाय ३ मिलीमीटरची जीआय पट्टी खांबाला जोडा आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घाला. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू व्हायच्या आधीच केबल रिसीव्हरमधून काढून ठेवा.

दिशा पक्की झाली की खांब, क्लॅम्प आणि उंचीचा स्क्रू यांवर आरपार रंगाची रेघ मारा. वादळाचा इशारा आला की उंचीचा स्क्रू सोडून छत्री आकाशाकडे उताणी करता येते, तशी ती वाऱ्याला फार कमी अंग देते. वादळ गेल्यावर रेघेला रेघ जुळवली की पाच मिनिटांत चित्र परत. भरीव पत्र्याची असेल तर तळाला पाणी जायला भोक हवंच. आणि गणपतीनंतर, पाऊस ओसरला की एकदा एलएनबीचं तोंड बघा. प्लॅस्टिकची टोपी उन्हाने तडकलेली असेल तर आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं. सुक्या काडीने ते काढा, आत पाणी घालू नका, आणि नवी टोपी बसवा.