कडुनिंबाच्या पानातली बुरशी आणि गुलाबी वलयाची शहानिशा
एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पासाठी अंतर्वासी बुरशी, म्हणजे झाडाला इजा न करता त्याच्या ऊतींमध्ये राहणारी बुरशी, निवडली आणि तिच्यापासून एल-अ‍ॅस्पॅराजिनेज हे विकर (एन्झाइम) मिळवायचे ठरवले. मुलांमध्ये आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत हे विकर कित्येक दशके वापरले जाते. परंतु ते जिवाणूंपासून मिळवलेले असते आणि काही रुग्णांना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते, म्हणून दुसरा स्रोत शोधणे मला फार मोलाचे वाटत होते.

कडुनिंबाची पक्व पाने तोडून त्याच दिवशी धुतली, 70 टक्के इथेनॉल आणि सोडियम हायपोक्लोराइटमधून काढली, निर्जंतुक पाण्याने खळबळली आणि त्यांचे 5 मिलिमीटरचे तुकडे बटाटा-डेक्स्ट्रोज आगर या बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर ठेवले. दोनच दिवसांत सगळ्या प्लेट करड्या, कापसासारख्या बुरशीने झाकणापर्यंत भरल्या. शेवटच्या धुवणाचे पाणी मी एका वेगळ्या प्लेटवर पसरले होते आणि तिच्यावरही तीच बुरशी उगवली होती. म्हणजे आलेली बुरशी पानाच्या आतली आहे असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. शोध घेतला तेव्हा हायपोक्लोराइटची बाटली फार जुनी आणि खिडकीशी उन्हात ठेवलेली निघाली. त्यातला उपलब्ध क्लोरीन केव्हाच कमी झालेला असणार. नवी बाटली आणल्यावर धुवणाची प्लेट कोरी राहिली आणि सहाव्या दिवशी एका तुकड्याच्या कापलेल्या कडेतून, नेमक्या शिरेच्या टोकाशी, पांढऱ्या तंतूंचा बारीक झुबका बाहेर आला.

शुद्ध केलेल्या सात बुरशी मी अ‍ॅस्पॅराजिन (एक अमिनो आम्ल) आणि फिनॉल रेड (आम्लतेनुसार रंग बदलणारा दर्शक) घातलेल्या माध्यमावर वाढवल्या. विकर अ‍ॅस्पॅराजिनचे विघटन करते, अमोनिया सुटतो, सामू (pH) वाढतो आणि पिवळे माध्यम गुलाबी होते. तीन बुरशींभोवती गुलाबी वलय दिसले आणि मी वहीत तीन नावे उत्साहाने लिहिलीही. मार्गदर्शक मॅडमनी मात्र अ‍ॅस्पॅराजिनऐवजी सोडियम नायट्रेट घातलेली प्लेट कुठे आहे, एवढेच विचारले. ती मी केलीच नव्हती. केली तेव्हा दोन बुरशी तिच्यावरही गुलाबी झाल्या, कारण नायट्रेट शोषतानाही बुरशी माध्यमाचा सामू वाढवू शकते. त्या दोघींचे वलय पुरावा म्हणून धरता येत नव्हते, म्हणून त्यांना बाजूला ठेवले.

उरलेली एक बुरशी द्रव माध्यमात वाढवून गाळून घेतली. गाळलेल्या द्रवात वाढीच्या काळातला अमोनिया आधीच असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी त्याचाच एक भाग उकळून, विकर निकामी करून, सोबत ठेवावा लागे. 37 अंश सेल्सियसला अर्धा तास अ‍ॅस्पॅराजिनबरोबर ठेवून ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाने क्रिया थांबवली आणि पारा असल्यामुळे जपून हाताळावे लागणारे नेसलरचे अभिकर्मक घातले, जे अमोनियाच्या प्रमाणानुसार पिवळा ते नारिंगी रंग देते. उकळलेली नळी फिकट पिवळी राहिली. शेजारच्या, न उकळलेल्या द्रवाच्या तिन्ही नळ्या गर्द नारिंगी झाल्या.