रॉटरडॅममध्ये पुन्हा पाहिलेला ‘गाभ्रीचा पाऊस’

नेदरलँड्समध्ये पावसाची वाट कोणी पाहत नाही. समुद्रसपाटीखालची जमीन कोरडी राहावी म्हणून येथे पंप लावून पाणी उपसत राहतात. अशा मुलखात, गेल्या रविवारी, शेजारच्या वयस्कर डच बाईंना सोबत घेऊन मी सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ पुन्हा पाहिला. 2009 साली येथल्याच, रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला होता. ‘द डॅम्ड रेन’ हे त्याचे इंग्रजी नाव मला अपुरे वाटते, कारण ‘गाभ्रीचा’ ही आपल्या वऱ्हाडातली शिवी बैलाला, लेकराला आणि दडी मारलेल्या पावसाला सारख्याच हक्काने दिली जाते आणि तिच्यात रागाइतकीच माया असते.

शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाच्या मनात भीती घर करते आणि ती सहा वर्षांच्या मुलाला, दिनूला व सासूला आपल्या नवऱ्यावर, किसनावर नजर ठेवायला सांगते. सोनाली कुलकर्णी यांनी ही अलका इतकी खरी उभी केली आहे की तिचे हसणेही काळजीचेच वाटते. गिरीश कुलकर्णींच्या किसनाला मात्र पेरणीखेरीज काही सुचत नाही.

“ती त्याला सरळ विचारत का नाही?” असे त्या बाईंनी मध्येच विचारले. मला चटकन उत्तर देता आले नाही. आपल्या घरांत तसा प्रश्न तोंडातून काढणे हेच अभद्र मानले जाते. म्हणून जे बोलता येत नाही ते बायका ताटात वाढतात, नाहीतर लेकराच्या हाती शेतावर पाठवतात, हे मी त्यांना अडखळत सांगितले.

कारण तो दिनू मीच होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कोरडवाहू रानात ज्या वर्षी दुबार पेरणी करावी लागली, त्या वर्षी आईने फवारणीच्या औषधाची बाटली गोठ्यातून उचलून कुठेतरी लपवली होती आणि शाळा सुटली रे सुटली की ती मला म्हणायची, “जाय, बापाजवळ बस जरासक.” मी धुऱ्यावरच्या बाभळीखाली पोहोचलो की बाबा फडके सोडून अर्धी भाकर आणि चुनाचा, म्हणजे घट्ट पिठल्याचा, गोळा माझ्यापुढे सरकवत व आज भूक नव्हती, उरली, असे म्हणत. भाकरीची कड वाऱ्याने वाळलेली असे. नंतर ते पेरणीच्या तासांमधून हिंडत आणि ढेकूळ बाजूला सारून अंकुर आला का ते बोटाने उकरून पाहत. पहिले बियाणे जळून गेल्यावर उसनवारीने आणलेले ते दुसरे बियाणे होते.

चित्रपट संपल्यावर मी गावी फोन लावला आणि त्या वर्षी तू मला रोज शेतावर का पाठवत होतीस, हे बाबांना कधी कळले का, असे आईला इतक्या वर्षांनी प्रथमच विचारले.

“त्याईले सारं मालूम होतं,” आई म्हणाली. “तू येशीन म्हनूनच अर्धी भाकर ठेवत होते.”